घरातलं पोरगं मानसिक आजारी असेल तेव्हा घर कसं चालवायचं: सोलापूरच्या घरांसाठी सविस्तर

पोराला डिप्रेशन आहे, ओसीडी (नको असलेला विचार किंवा कृती परत परत) आहे, बायपोलर (कधी फार उदास, कधी फार चढलेलं) आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की घरातले सगळे त्या एका पोराकडे बघत बसतात, खाल्लं का, झोपला का, आज तोंड कसंय, आणि इकडे घराचं काय चाललंय ते कुणीच बघत नाही. धाकटीची फी राहून जाते, बाप मुद्दाम उशिरा घरी यायला लागतो, आई विड्या वळता वळता डोळे पुसते, आज्जी म्हणते बाहेरचं काहीतरी आहे. माझ्या बहिणीच्या घरी हे जवळून बघितलं, नंतर ओपीडीच्या बाकड्यावर शेजारी बसणाऱ्या बायकांशीही बोलणं होत गेलं, आणि माझं मत असं झालंय की आजारावर उपचार डॉक्टर करतात खरं, पण तो उपचार वर्षभर टिकणार का दोन महिन्यांत मोडणार हे घर कसं चालतं त्यावर ठरतं. म्हणून हे घर चालवण्याबद्दल लिहिलंय, साधारण १२ ते १८ वयाच्या पोरापोरींच्या घरांसाठी. क्रम पुढेमागे केला तरी चालेल, फक्त सुरक्षिततेचा सहावा भाग आजच वाचा.

१. आधी आजाराचं नाव कळू द्या

वयात आलेलं पोरगं घरच्यांशी तुसडं वागतं पण मित्रांत खुश असतं, क्रिकेटला पळतं, मोबाईल बघून हसतं. आजारी पोराचं सगळीकडंच ढासळतं, झोप, भूक, अभ्यास, मित्र, आंघोळ सगळं, आणि ते दोन-दोन आठवडे तसंच राहतं. दुसरं म्हणजे मोठ्या माणसाला डिप्रेशन आलं की ते उदास दिसतं, या वयात मात्र बऱ्याचदा उदासी दिसतच नाही, नुसती चिडचिड दिसते, त्यामुळे घरात "माजलाय" म्हणून विषय संपतो आणि महिनेच्या महिने वाया जातात. मानसिक आजारांपैकी जवळपास निम्मे वयाच्या १८ च्या आतच सुरू होतात, म्हणजे "एवढ्या लहान वयात कसलं टेन्शन" या वाक्याला काही अर्थ नाही.

कुणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणणं, लोक माझ्यावर पाळत ठेवतात म्हणणं, किंवा चार-चार दिवस झोप नाही तरी अंगात जोर, मोठमोठ्या बाता, पैसे उधळणं, हे दिसलं तर दोन आठवडे वाट बघायची नाही. त्याच आठवड्यात दाखवायचं.

कुठं दाखवायचं? सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, वैशंपायन मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग आहे, आणि शहरात खासगी सायकियाट्रिस्टही आहेत. निदानाबद्दल दुसरं मत हवं असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन रात्रीपर्यंत परत येता येतं, फारच गुंतागुंतीचं असेल तर बेंगळुरूचं निमहान्स हे मानसिक आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, सोलापूरहून थेट रेल्वे आहे. पण दर महिन्याचा फॉलोअप शक्यतो सोलापुरातच ठेवा, कारण दर खेपेला रजा, तिकिटं आणि पोराची शाळा बुडणार असेल तर तिसऱ्या-चौथ्या खेपेला घर आपोआप ढिलं पडतं. पोरगं यायलाच तयार नसेल तर १४४१६ वर फोन करा, हे सरकारचं टेली मानस, म्हणजे मानसिक त्रासासाठीची फोनवरची मदत, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, चोवीस तास चालतं, पैसे लागत नाहीत आणि २० भाषांत बोलता येतं. शेवटची गोष्ट आपल्याकडं महत्त्वाची आहे, पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आज्जी-आजोबांना मनातलं तेलुगूतच सांगता येतं, अक्कलकोटकडच्या घरांत कन्नडमध्ये, आणि आज्जीला पटलं तर अर्धं घर पटलं.

पहिल्या भेटीला जाताना वही न्या. झोपायची-उठायची वेळ, खाणं, शाळा कधीपासून बुडली, घराण्यात कुणाला असा त्रास होता का (मामाच्या बाजूचं आणि काकाच्या बाजूचं दोन्ही, इथं भांडायचं नाही), आधीच्या गोळ्या, आणि मावा, गुटखा, गांजा यातलं काही चालू असल्याचा संशय असेल तर तेही. मावा तर आपल्या गावात शाळेच्या गेटपासून चार पावलांवर मिळतो, त्यामुळे "आमचा तसला नाही" म्हणून हे लपवू नका. थायरॉईड आणि रक्त तपासायला सांगितलं तर वैतागू नका, त्यातूनही असा त्रास दिसू शकतो. आणि पोराला डॉक्टरांशी एकटं बोलू द्या, तुमच्यासमोर ते अर्धंच बोलणार.

देवाचं म्हणाल तर अक्कलकोटला जा, तुळजापूरला जा, सिद्धेश्वराला नैवेद्य दाखवा, कुठलाही शहाणा डॉक्टर त्याला नाही म्हणत नाही. माझा निकष एवढाच की जो माणूस गोळ्या बंद करायला सांगतो त्याच्या दारात परत जायचं नाही. आणि भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे घरातल्या हौशी काकांनाही सांगून ठेवा.

२. कामं वाटा, आणि भिंतीवर लिहा

बहुतेक घरांत होतं असं की सगळं आईवर येतं. गोळ्या आईने द्यायच्या, दवाखाना आईने करायचा, शाळेत आईने जायचं, रात्री आईने जागायचं, आणि वर सासूने विचारायचं की पोराला काय खायला घालतेस. तीन-चार महिन्यांत आईच आजारी पडते आणि मग घराला कळतं की कुठली गोळी सकाळची आणि कुठली रात्रीची हे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

म्हणून एका रविवारी बसा, जेवणं झाल्यावर, आणि पाच कामांना पाच नावं लावा: गोळ्या कोण देणार, ओपीडीला कोण नेणार, शाळा-कॉलेज कोण सांभाळणार, पैशाचा हिशोब कोण ठेवणार, आणि बाकीच्या भावंडांकडं कोण बघणार. एकाच माणसाकडं तीन कामं गेली तर परत वाटा. दाते पंचांगाच्या गावात भिंतीवर कॅलेंडर नसलेलं घर सापडायचं नाही, त्याच कॅलेंडरवर फॉलोअपची तारीख, गोळ्या संपायची तारीख आणि कुणाची पाळी ते लिहून टाका. बापाला कारखान्यात किंवा दुकानात बारा-बारा तास जात असतील तर त्याला रोजचं काम देऊ नका, महिन्याची ओपीडी द्या, पण द्याच. डॉक्टरांच्या तोंडून स्वतः ऐकल्याशिवाय बापांना हा आजार खरा वाटत नाही असं मी बघितलंय, बायकोने घरी येऊन सांगितलेलं त्यांना बायकोचं मत वाटतं.

घर एकत्र असेल तर काका-काकूंनाही काम द्या, नुसता सल्ला द्यायची मुभा देऊ नका. ज्याच्याकडं काम आहे त्यालाच मत, असा नियम आमच्या बहिणीने केला आणि निम्म्या सूचना आपोआप बंद झाल्या.

३. घरातल्या बोलण्याचा ताप उतरवा

यावर खरं संशोधन आहे आणि ते जुनं आहे. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या संशोधकाने स्किझोफ्रेनियाचे (आवाज ऐकू येणं, संशय येणं असा आजार) पेशंट दवाखान्यातून सुटल्यावर कुठं राहायला जातात ते बघितलं, तर आईबापाकडं किंवा बायकोकडं गेलेले लोक भाड्याच्या खोलीत गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा परत आजारी पडत होते. पुढं शोधत गेल्यावर कळलं की ज्या घरांत सतत टीका, राग, किंवा उलट सतत चिकटून काळजी होती त्या घरांत आजार जास्त उलटतो, आणि असं घर असेल तर आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त वेळ तोंडासमोर बसून राहणं तर आणखीच वाईट. नंतर डिप्रेशन आणि बायपोलरबद्दलही हेच दिसलं.

याचा अर्थ घरामुळे आजार झाला असा अजिबात नाही. आईमुळे स्किझोफ्रेनिया होतो असं एकेकाळी मोठमोठे डॉक्टर म्हणायचे आणि ते साफ चूक ठरलं. अर्थ एवढाच की आजार झाल्यावर घरातलं बोलणं औषधासारखं लागू पडतं किंवा बाधतं.

मग करायचं काय. एक म्हणजे आजार आणि पोरगं वेगळं धरा. "तू आळशी आहेस" याच्या जागी "आज उठवत नाहीये का, बरं, तोंड धू आणि चहा घे, बाकीचं नंतर बघू". "काय करलालास बे दिवसभर लोळून" हे वाक्य सोलापुरात प्रेमानेही म्हणलं जातं, मला मान्य आहे, पण डिप्रेशनमधल्या पोराला ते प्रेम ऐकू येत नाही, त्याला फक्त लोळणं ऐकू येतं. दुसरं, एका वेळी एकच सूचना. आंघोळ कर, पुस्तकं आवर, मोबाईल ठेव, आज्जीला औषध दे, हे एका दमात म्हणलं तर यातलं एकही होत नाही. तिसरं, तुलना बंद, चुलतभावाचे मार्क बंद, "आमच्या वेळी आम्ही यंत्रमागावर उभं राहून शिकलो" बंद. ते खरं असेल, उपयोग नाही.

आणि चौथी गोष्ट जी आयांना सगळ्यात जड जाते, चोवीस तास शेजारी बसणं कमी करा. धोका नसेल त्या दिवसांत पोराला दोन तास स्वतःचे द्या, तुम्ही बाजारात जा, भिशीला जा, गड्ड्याच्या यात्रेत चक्कर मारा. दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली कुठून आणायची हा प्रश्न रास्त आहे, मग गच्ची, मागची पडवी, नाहीतर संध्याकाळी काकाबरोबर सिद्धेश्वर तलावापर्यंत चालत जाणं, म्हणजे माणसं तरी बदलतात.

मर्यादा मात्र सोडायच्या नाहीत. शिवीगाळ, मारणं, वस्तू फोडणं आजारी असलं तरी चालणार नाही हे शांत असताना सांगायचं, आणि नंतर काय होईल तेही सांगायचं, आणि सगळ्यांनी तेच एक सांगायचं. आईने नाही म्हणायचं आणि आज्जीने पदराआडून पन्नासची नोट द्यायची, असलं चाललं तर पोरगं दोष देत नाही, फक्त कुठं जायचं ते शिकतं.

४. आजाराची चाकरी हळूहळू सोडा

यावर जरा जास्त लिहिते कारण घर इथंच सगळ्यात जास्त अडकतं आणि कुणाला कळत नाही.

ओसीडीचं उदाहरण घ्या. पोरीला हात धुतल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडं नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, ड्रम भरून ठेवलेले असतात, आणि ही पोरगी एका दुपारी अर्धा ड्रम संपवते. पहिल्यांदा आई ओरडते. मग पोरगी थरथर कापते, रडते, आईला बघवत नाही, मग आई स्वतःच पाणी ओतून देते, साबण वेगळा आणते, मग घरात येणाऱ्या सगळ्यांना दारात पाय धुवायला लावते, मग पाहुणे बंद, मग बाप डबा बाहेरच खातो. प्रत्येक पायरी मायेपोटीच घेतलेली असते आणि शेवटी घर पोरीच्या नाही, ओसीडीच्या हुकमावर चालतं. तीच गत "आई मला काही होणार नाही ना" हे तासाला वीस वेळा विचारण्याची. उत्तर दिलं की पाच मिनिटं बरं वाटतं आणि सहाव्या मिनिटाला प्रश्न परत येतो, आणि येताना जास्त जोरात येतो. शाळेच्या भीतीचंही तसंच, एक दिवस घरी ठेवलं की दुसऱ्या दिवशी भीती वाढलेली असते.

हे एका दिवसात बंद करायचं नाही. "आजपासून पाणी मिळणार नाही" असं जाहीर केलं की घरात युद्ध होतं आणि दोन दिवसांत आई हरते. पद्धत अशी: पहिला आठवडा फक्त लिहायचं, आजारासाठी घर काय काय करतंय, कोण करतंय, दिवसातून किती वेळा. यादी बघून धक्का बसतो. मग ती यादी काऊन्सेलरकडं किंवा सायकॉलॉजिस्टकडं न्यायची आणि त्यातली सगळ्यात सोपी एकच गोष्ट निवडायची, पोरीला बरोबर घेऊन, तिच्या संमतीने. समजा दारात पाय धुणं. मग घरातल्या सगळ्यांनी एकच ठरलेलं वाक्य म्हणायचं, "हे ओसीडी विचारतंय, मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते." आणि खरंच बसायचं. अस्वस्थता वाढेल, चढेल आणि काही न करताही उतरेल, हे तिला स्वतःच्या अंगावर अनुभवायला मिळतं, आणि ओसीडीच्या थेरपीचा सगळा पाया तोच आहे. ती जमली की पुढची गोष्ट. सुरुवातीचे काही दिवस रडारड वाढते, त्याची तयारी ठेवा, तेव्हाच आज्जी म्हणणार की पोरीचे हाल करताय. म्हणून आज्जीला आधीच काऊन्सेलरसमोर बसवा.

आवाज ऐकू येणाऱ्या किंवा संशय येणाऱ्या पोराबाबतीत मात्र वेगळं. तिथं वाद घालायचा नाही आणि होकारही द्यायचा नाही. "मला तो आवाज येत नाही, पण तुला येतोय आणि तू घाबरलायस हे दिसतंय, चल जरा बाहेर बसू", एवढं पुरे.

५. गोळ्या

गोळ्या मोठ्या माणसाच्या ताब्यात, कुलूपात, आणि समोर घ्यायला लावायच्या, पण पोलिसासारखं तोंड उघडून बघत बसायचं नाही. टाकतोय असा संशय असेल तर डॉक्टरांना सांगा, जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या किंवा पातळ औषध कधीकधी मिळतं. डिप्रेशनच्या गोळ्यांचा उपयोग दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच दिसतो, मळमळ, डोकं दुखणं, बेचैनी, त्यामुळे तिसऱ्या दिवशी "काही फरक नाही, उलट वाढलंय" म्हणून बंद करणारी घरं खूप. बंद करू नका, फोन करा. एक गोष्ट मात्र गंभीर आहे, २५ वर्षांखालच्या काही मुलांमध्ये या गोळ्या सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढू शकतात, अमेरिकेत या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर तसा इशारा छापायचा आदेश २००४ मध्ये लहान मुलांसाठी निघाला आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्यांसाठी वाढवला. म्हणून त्या आठवड्यांत डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं आणि फॉलोअप चुकवायचा नाही. गोळीला घाबरून डिप्रेशन तसंच सोडणं हा काही सुरक्षित मार्ग नव्हे.

लिथियम (बायपोलरमध्ये देतात ती एक गोळी) चालू असेल तर सोलापूरच्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो, घाम जातो, पाणी कमी पडतं आणि रक्तातलं लिथियम वाढतं. त्यामुळे भरपूर पाणी, जेवणातलं मीठ नेहमीसारखं (अचानक कमी नाही), निर्जळी उपवास नाही, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना फोन. आणि अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक स्वतःहून आणायचं नाही, त्यानेही ते वाढतं. हात जास्त थरथरायला लागले, तोल जातोय, बोलणं जड झालं तर त्याच दिवशी दवाखाना आणि रक्ततपासणी.

सायकोसिसच्या, म्हणजे आवाज ऐकू येणं, संशय येणं यावरच्या, काही गोळ्यांनी वजन झपाट्याने वाढतं, भूक इतकी वाढते की पोरगं रात्री उठून भाकरी-चटणी खातं. त्याला खादाड म्हणू नका. वजन आणि साखर अधूनमधून तपासायला सांगा, फार वाढलं तर गोळी बदलता येते. मुलगी असेल आणि व्हॅल्प्रोएट (हेही बायपोलरमध्ये देतात) लिहून दिलं असेल तर डॉक्टरांशी एकदा नीट बोला, मुलींमध्ये त्याचे काही वेगळे धोके आहेत, पाळीपासून ते पुढं गर्भापर्यंत.

बरं वाटायला लागलं की गोळी बंद करायची इच्छा सगळ्यांनाच होते. कधी आणि कशी कमी करायची ते डॉक्टरच ठरवणार. आणि पाच-सहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच नवीन आणा, आषाढी वारीच्या गर्दीत किंवा दिवाळीच्या सुट्टीत धावपळ नको.

६. सुरक्षितता

विचारा. "तुला जगू नये असं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का", सरळ, शांतपणे. विचारल्याने डोक्यात तो विचार घुसतो ही समजूत खोटी आहे, उलट विचारणारं कुणीतरी आहे हेच बऱ्याच पोरांना हवं असतं. हो म्हणलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, "आमचा विचार केला नाहीस का" म्हणू नका. जवळ बसा, सांगितलंस हे बरं केलंस म्हणा, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दाखवा.

घरातली सगळी औषधं, आज्जीच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसकट, कुलूपात. उंदराचं औषध, शेत असेल तर फवारणीची औषधं घरातून काढून शेजारच्या किंवा भावकीतल्या विश्वासू माणसाकडं. ती ओढ बऱ्याचदा थोड्या वेळाची असते आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. खोलीच्या, न्हाणीच्या दाराच्या कड्या बाहेरून उघडता येतील अशा करून घ्या.

काही घेतलं असा नुसता संशय जरी आला तरी पोरगं ठणठणीत दिसतंय म्हणून थांबू नका, १०८ ला फोन करा किंवा रिक्षात घाला आणि थेट सिव्हिलचं कॅज्युअल्टी किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल. पाकीट सापडलं तर बरोबर न्या. पोलीस केसच्या भीतीने लोक वेळ घालवतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावात होता असंच धरलं जातं आणि त्याबद्दल त्याला शिक्षा करायची नसते. हॉस्पिटल नोंद करेल, करू द्या.

पोरगं आक्रमक झालं तर गल्ली गोळा करू नका. एकाच माणसाने बोलायचं, हळू आवाजात, दाराकडची वाट मोकळी ठेवून, लहान भावंडं आणि आज्जी दुसरीकडं. साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे, दोरीनेही बांधू नका. आवरेनासं झालं तर ११२. हे सगळं ऐनवेळी सुचत नाही, म्हणून कुणाला फोन करायचा, कुणाची गाडी आहे, फाईल कुठं आहे हे एका कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

ॲडमिट करायला लागलं तर घाबरू नका. १८ वर्षांखालच्या मुलासाठी कायदा बराच कडक आहे: पालकांनी अर्ज करायचा, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून गरज आहे म्हणायचं, मोठ्या पेशंटपासून वेगळं ठेवायचं, आणि पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ बरोबर राहणार. मुलीसोबत बाई असायला पाहिजे. शॉकची भीती फार असते, अल्पवयीन मुलांना तो पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची आधी परवानगी असल्याशिवाय देताच येत नाही.

७. दुसरी भावंडं

धाकटी शहाणी आहे, काही मागत नाही, असं आई कौतुकाने सांगते तेव्हा मला त्या धाकटीचीच काळजी वाटते. तिने मागणं सोडलंय. तिला आजाराचं नाव सांगा, तिच्या वयाला झेपेल एवढं, आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा: हे तुझ्यामुळे झालेलं नाही, हा आजार शिवल्याने होत नाही, आणि दादाला सांभाळणं हे तुझं काम नाही. रात्री त्याच्यावर लक्ष ठेव असं तिला कधीच सांगू नका. आठवड्यातून एक ठरलेली वेळ तिची, त्या वेळात दादाचा विषय नाही. बापाला हे काम छान जमतं, स्कूटरवरून सात रस्त्याला नेऊन पाणीपुरी खाऊ घातली तरी चालतं. शाळेत कुणी "तुझा भाऊ येडा आहे" म्हणलं तर काय उत्तर द्यायचं ते घरी आधी ठरवून ठेवा. "त्याला बरं नाहीये, औषध चालू आहे" एवढं पुरतं.

८. नातेवाईक आणि शाळा

ताईचं लग्न जमायचंय म्हणून धाकट्याचा आजार लपवायचा, हे आपल्याकडं घरोघरी आहे आणि मी त्यावर भाषण देणार नाही. पण लपवण्यासाठी गोळ्या बंद करणं, फॉलोअप टाळणं, पोराला लग्नकार्यात घरी कोंडून ठेवणं हे महागात पडतं. मधला रस्ता असा की कुणाला किती सांगायचं ते घराने मिळून ठरवायचं, पोराला विचारून. मामाला सगळं, आत्याला थोडं, शेजाऱ्यांना "ट्रीटमेंट चालू आहे". जे सांगायचं ते सगळ्यांनी तेच सांगायचं, नाहीतर खोटं सांभाळण्यातच घराची ताकद जाते.

शाळेत वर्गशिक्षकांना किंवा मुख्याध्यापकांना एकांतात भेटा, डॉक्टरांचं पत्र न्या आणि नेमकं मागा: गोळ्यांमुळे सकाळी सुस्ती येते तर पहिल्या तासाला उशीर चालेल का, हजेरीचं काय, मध्येच घाबरलं तर कुणाकडं जायचं. परत शाळा सुरू करताना आधी दोन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. दहावी-बारावीचं वर्ष गेलं तरी आकाश कोसळत नाही, पुरवणी परीक्षा आहे, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. आजार दीर्घकाळचा असेल तर २०१६ च्या अपंगत्व कायद्यात मानसिक आजारही येतो, ४० टक्के किंवा जास्तचं सर्टिफिकेट मिळालं तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात, फॉर्म भरायच्या आधी मागायच्या.

९. पैसा

वेगळी छोटी वही. तपासणी, गोळ्या, प्रवास, बुडालेली मजुरी, सगळं लिहा, कारण यात सगळ्यात मोठा आकडा बहुतेक वेळा बुडालेल्या मजुरीचा निघतो आणि तो कुणी धरतच नाही. डॉक्टरांना गोळीचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा. आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच कव्हर द्यावं लागतं, पॉलिसी काढून अटी वाचा, एजंट "यात बसत नाही" म्हणला म्हणून विश्वास ठेवू नका, लेखी मागा.

१०. अठरा पूर्ण व्हायच्या आधी

हे कुणी सांगत नाही. ज्या दिवशी पोरगं अठराचं होतं त्या दिवसापासून उपचाराला संमती त्याची लागते, तुमची सही पुरत नाही, आणि त्याच्या परवानगीशिवाय डॉक्टर तुम्हाला सगळं सांगायला बांधील नाहीत. त्यामुळे सतराव्या वर्षापासूनच सवय लावा. आठवड्याच्या गोळ्या डबीत त्याने भरायच्या, तुम्ही फक्त बघायचं. माझी झोप बिघडली की समजायचं आजार परत येतोय, अशा स्वतःच्या खुणा त्याने स्वतःच्या अक्षरात लिहायच्या. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अठरानंतर साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमता येतो, म्हणजे पुढं कधी स्वतःला ठरवता येण्यासारखी अवस्था नसेल तर त्याच्या वतीने कोण बोलणार ते. कसले उपचार हवेत, कसले नकोत, हेही आधी लिहून मानसिक आरोग्य मंडळाकडं नोंदवता येतं. हे बरं असताना करायचं. प्रतिनिधी म्हणून त्याने बापाऐवजी मामाचं नाव लिहिलं तर घरात महाभारत करू नका, आजारपणात ज्याचं ऐकेल असं त्याला वाटतं त्याचंच नाव तो लिहिणार, आणि तेच उपयोगाचं आहे. फाईलही आता त्याच्या पिशवीत जाऊ द्या, झेरॉक्स तुमच्याकडं ठेवा, आणि ओपीडीत नाव पुकारलं की आधी तो एकटा आत जाईल, डॉक्टरांनी बोलावलं तर तुम्ही.